प्राथमिक शाळेचा आराखडा व आपले कर्तव्य

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात मुरगाव येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी बोलावयास उभे राहणाऱ्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, दात्यांचे आभार मानावेत आणि पुढील काळाविषयी दोन आशेचे शब्द बोलून खाली बसावे, असा प्रघात आहे. प्रघात चांगला आहे, आणि आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी तो उत्तम रीतीने पाळलाही आहे. म्हणून आम्ही थोडी मुभा घेतो आणि आपल्या न्यासाच्या एका चुकीविषयी बोलतो. ही चूक आमच्याच, म्हणजे न्यासाच्या शिक्षणविषयक काम पाहणाऱ्यांच्या हातून झाली. तिच्यापासून आम्ही जे शिकलो ते पुढच्या पन्नास वर्षांत उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे धाडस.

काही वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातील एका सरकारी प्राथमिक शाळेला आपण दोन शौचालये बांधून दिली. एक मुलांसाठी, एक मुलींसाठी. वर्गणी हौसेने जमली. दारावर संगमरवरी पाटी बसली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि त्या दिवशीचे छायाचित्र आपल्या अहवालात छापूनही आले. पुढच्या वर्षी बक्षीस समारंभासाठी आम्ही त्याच शाळेत गेलो, तो दोन्ही दारांना कुलुपे! चौकशी केली तेव्हा कळले की शाळेच्या नळाला जेमतेम पिण्यापुरते पाणी येते, टाकीपर्यंत ते चढतच नाही. झाडलोट करणारी बाई शाळेला नाही. शौचालये घाण होऊ लागली, म्हणून बाईंनी नाइलाजाने कुलूप घातले. मुली मधल्या सुट्टीत घरी जात, आणि त्यांतल्या काही त्या दिवशी परत येत नसत.

दोष कुणाचा? ज्या सरकारी कचेरीकडे आम्ही गेलो तिथे सांगण्यात आले की पाटीवर तुमचे नाव आहे, तेव्हा देखभालही तुम्हीच करीत असाल असे आम्ही समजलो. आणि आम्ही समजून होतो की इमारत सरकारची, तेव्हा देखभाल सरकार करील. दोघांनीही एकमेकांना विचारले नव्हते. पालकांच्या सभेत एक आई, जी चार घरची धुणीभांडी करून आली होती, उठून एवढेच म्हणाली, ‘संडास बांधलात ते बरं केलंत; पण पाणी कुणी भरायचं?’ आम्हांपैकी कुणालाही त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. सभेला हजर असलेल्या विश्वस्तांना तो क्षण अद्याप आठवत असेल.

आता या चुकीचे मूळ पाहू. ते आमच्या एका जुन्या सवयीत होते, आणि ती सवय वाईट नाही. उलट तिचा आपल्याला अभिमान आहे. आपल्या समाजातील बरीच कुटुंबे मूळची पेडणे आणि डिचोलीकडची. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा म्हणजे पोर्तुगीज भाषेची शाळा. आपल्या भाषेतली अक्षरओळख हवी तर ती आपणच करून घ्यावी लागे. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर मास्तर मुलांना मुळाक्षरे, पाढे आणि मोडी गिरवायला लावीत. त्यांचे जेवण घरोघरी वार लावून होई आणि वेतन भाताच्या रूपात मिळे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदू समाजाला थोडी मोकळीक मिळाली, तेव्हा अशा शाळा गावोगाव वाढल्या. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. तिच्या नावातच तिचा हिशेब आहे. घरातल्या बाईने रोज तांदूळ वैरताना एक मूठ बाजूला काढायची आणि त्या मुठींवर शाळा चालवायची. ज्या काळी सरकार आपले नव्हते त्या काळी शाळा ही दानावरच उभी राहू शकत होती. आपला न्यास त्याच परंपरेत जन्मला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि स्थिती पालटली. त्या वेळी गोव्यात जेमतेम एकतृतीयांश माणसांना लिहितावाचता येत होते. डिसेंबर १९६३ मध्ये पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री म्हणून दयानंद बांदोडकर आले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा पोचविण्याचा ध्यास घेतला. जिथे इमारत नव्हती तिथे देवळात, वाड्यात, भाड्याच्या घरात वर्ग भरले. पेडण्या-डिचोलीच्या ज्या वाड्यांवर कधी पाटी-पेन्सिल गेली नव्हती तिथे सरकारी मास्तर पोचला. २०११ च्या जनगणनेत गोव्याचे साक्षरतेचे प्रमाण ८८.७० टक्के भरले. त्याच्या पायाशी ही साधी कौलारू शाळा आहे, हे आपण विसरता कामा नये.

पण या बदलाबरोबर एक गोष्ट आपल्या ध्यानात यावयास हवी होती ती आली नाही. शाळा सरकारी झाली, म्हणजे ती आपल्या सर्वांच्या करातून चालू लागली. तेव्हा तिच्या गरजा भागविणे हा दयेचा प्रश्न उरला नाही. तो सार्वजनिक पैशाच्या वाटणीचा प्रश्न झाला. हा विचार काही नवा नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी मागितले ते दान नव्हते. रयतेकडून वसूल होणाऱ्या लोकल फंडाचा निदान अर्धा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्यातही खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने सोसावा अशी योजना होती. ते विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून दाखविले. या थोर पुरुषांनी शाळेच्या प्रश्नाला आधी पैशाचा प्रश्न म्हणून हात घातला, याचे कारण उघड आहे. हेतू कितीही उदात्त असला तरी खडूला आणि कौलांना पैसे पडतात, आणि ते दरवर्षी पडतात.

आता हा पैसा कुठून येतो व कोण ठरवितो ते थोडक्यात सांगतो. पत्रादेवीचा नाका ओलांडून आपण सिंधुदुर्गात शिरलो की पहिली प्राथमिक शाळा लागते ती जिल्हा परिषदेची. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावकऱ्याला गाऱ्हाणे घेऊन जावयाला निवडून आलेला सदस्य आहे. गोव्यात तसे घडले नाही. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मुख्यत्वे राज्याच्या शिक्षण खात्याच्या हाताखाली राहिली. तालुक्याला भागशिक्षणाधिकारी असतात आणि त्यांच्यावर पणजी. ग्रामपंचायत व नगरपालिका शाळेच्या शेजारी असूनही पुष्कळदा शाळेच्या बाहेरच राहिल्या. वस्तुतः ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांचा विषय पंचायतीकडे देण्याजोग्या विषयांत घातलेला आहे. पण अनुसूचीत शब्द असणे आणि पंचायतीच्या अंदाजपत्रकात रक्कम असणे यांत अंतर आहे.

ते अंतर कमी करण्याची एक जागा कायद्याने २०१० पासून करून ठेवली आहे. २००९ सालचा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी असे सांगितले. तिचे तीनचतुर्थांश सभासद मुलांचे पालक असावयाचे, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. उरलेल्या एकचतुर्थांशात, केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे, एक वाटा स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या सभासदांचा, एक शिक्षकांचा, आणि एक गावातील शिक्षणाची आस्था असणाऱ्यांचा व विद्यार्थ्यांचा. म्हणजे नगरसेवक किंवा पंच, मुख्याध्यापिका, आई-बाप आणि आपल्यासारख्या न्यासाचा एखादा कार्यकर्ता, ही सगळी माणसे एका टेबलाभोवती बसू शकतात.

त्या टेबलावर जो कागद तयार व्हावयाचा त्याचे नाव शाळा विकास आराखडा. २२ व्या कलमाने तो सांगितला आहे. पुढील तीन वर्षांत कोणत्या इयत्तेत किती मुले येतील, किती शिक्षक लागतील, कोणत्या खोल्या, कोणत्या सोयी कमी आहेत आणि दर वर्षी किती जादा पैसा लागेल, हे त्यात लिहावयाचे. आदर्श नियमांत तो आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार करावा असे म्हटले आहे. कारण एप्रिलपासून लागणारा पैसा मार्चमध्ये मागून मिळत नाही. काय मागावे हेही कायद्याच्या परिशिष्टात आहे. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, मुलगे व मुली यांना वेगळी स्वच्छतागृहे, पुरेसे व शुद्ध पिण्याचे पाणी, मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकाची जागा, खेळाचे मैदान, कुंपण, अपंग मुलांना अडथळा होणार नाही असा प्रवेशमार्ग, आणि वाचनालय. पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० पर्यंत मुले असली तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असली तर तीन.

यावरून ध्यानात येईल की सगळे गणित मुलांच्या संख्येवर आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत गोव्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला. तीत शाळेला किरकोळ खर्चासाठी वर्षाला जे एकत्रित अनुदान ठरविले, ते ३० हून अधिक व १०० पर्यंत पट असल्यास २५,००० रुपये, आणि १०० च्या वर २५० पर्यंत असल्यास ५०,००० रुपये. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावा असाही नियम त्यात आहे. २५,००० रुपयांत वर्षभराचे खडू, वीज, पंख्याची दुरुस्ती आणि पावसात सरकलेली कौले बसविणे! ज्याने घर चालविले आहे त्याला याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

मुले कमी झाली की अनुदान कमी होते, शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही मुले काढून घेतात. हे चक्र आपण सर्वांनी पाहिले आहे. माध्यमाच्या वादाचाही यात भाग आहे. १९९० साली शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांच्या काळात प्राथमिक शाळांना अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमालाच द्यावे असे धोरण ठरले, आणि अनेक इंग्रजी शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यावर मोठे आंदोलन झाले, आणि २०१२ नंतर अल्पसंख्य संस्थांच्या शाळांपुरते ते चालू राहिले. या वादात कुणाची बाजू घ्यावी हे सांगण्याची ही जागा नव्हे. आपल्या सभासदांतही दोन्ही मते आहेत. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की सरकारच्या हिशेबवहीतली एक ओळ बदलली की हजारो घरांतली मुले सकाळी कुठल्या दिशेला चालत जातात ते बदलते. ती ओळ लिहिली जाते तेव्हा आपण झोपून राहणे परवडणारे नाही.

आणि आता मुरगावच्या शाळांतील मुलांविषयी. बायणा, सडा, झुआरीनगर या भागांतील सरकारी शाळांत आपण गेलात तर पटावर जी नावे दिसतील त्यांतली पुष्कळ नावे आपल्या समाजातली नसतील. कर्नाटकातून, आंध्रातून, उत्तरेकडून बांधकामावर, बंदरावर, कारखान्यांत मजुरीला आलेल्यांची ही मुले. घरी कन्नड, लमाणी किंवा हिंदी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. काही सभासदांनी आम्हांस खासगीत विचारले की आपली मुले तर तिथे नाहीत, मग आपल्या न्यासाने तिथे काय म्हणून खर्च करावा? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. आपले आजे-पणजे पेडण्याहून, डिचोलीहून या बंदरावर आले तेव्हा तेही हातात पत्र्याची पेटी घेऊन, कुणाच्या तरी ओळखीवर, एका खोलीत दहाजण राहूनच आले. त्यांची मुले ज्या शाळेत शिकली ती शाळा त्यांनी बांधलेली नव्हती. कुणीतरी आधीच मूठ बाजूला काढून ठेवली होती.

त्या शौचालयांचे पुढे काय झाले ते सांगून मग आमच्या सूचनांकडे वळतो. त्या आईच्या प्रश्नानंतर आम्ही मुख्याध्यापिका, पालक, तिथले पंच यांच्याबरोबर बसलो. एका कागदावर तीन रकाने आखले: काय हवे, ते कुणाच्या पैशातून व्हावे, आणि नंतर त्याची काळजी कुणी घ्यावी. पहिला रकाना भरावयास अर्धा तास लागला. तिसरा भरावयास तीन बैठका लागल्या. जलवाहिनीचे व मोठ्या टाकीचे काम पंचायतीने आपल्या वार्षिक आराखड्यात घ्यावे असे ठरले. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांना बांधून दिला होता, हे आम्हांस त्या पंचाकडूनच कळले. डागडुजी शाळेच्या अनुदानातून व्हावी, आणि पाणी येईपर्यंत झाडलोटीच्या बाईचे मासिक वेतन आपण द्यावे, असेही ठरले. दोन पावसाळे गेले. ग्रामसभेत विषय दोनदा पुढे ढकलला गेला, तिसऱ्या खेपेला त्या आयाच पंधरा-वीसजणी जाऊन बसल्या, तेव्हा तो मंजूर झाला. आज ती दारे उघडी आहेत. या साऱ्यात आपल्या न्यासाचा खर्च पहिल्या बांधकामाच्या मानाने किती तरी थोडा झाला. पण टिकला तो हाच खर्च.

या अनुभवावरून तीन सूचना विश्वस्त मंडळापुढे ठेवतो.

पहिली सूचना अशी की यापुढे कोणत्याही शाळेला वस्तू किंवा बांधकाम देताना तो तीन रकान्यांचा कागद आधी मागावा. संगणक द्यावयाचा तर वीजबिल कुणाचे? पुस्तके द्यावयाची तर कपाट कुठे आणि किल्ली कुणाकडे? तिसरा रकाना रिकामा असेल तर देणगी थांबवावी, आणि तो भरून घेण्यासाठी शाळेला मदत करावी.

दुसरी सूचना माणसांविषयी आहे. आपल्या सभासदांत बंदरातून, बँकांतून, सरकारी खात्यांतून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी आहेत. अंदाजपत्रक वाचणे, अर्जाला योग्य कागद जोडणे, पोच घेणे, पाठपुरावा करणे यांत त्यांचे आयुष्य गेले. दोन शिक्षकी शाळेतल्या बाई चार इयत्ता शिकवितात, आहार वाटपावर देखरेख करतात, माहितीचे तक्ते भरतात. आराखडा लिहावयास त्यांना उसंत कुठली? प्रत्येक शाळेमागे आपल्या दोन सभासदांनी डिसेंबरात त्यांच्या शेजारी बसावे. मालकी गाजवावयास नव्हे, बेरीज तपासावयास. आराखडा पालकांचा आहे. लेखणी मात्र आपण धरू शकतो. आणि तो स्थानिक गरज ओळखून लिहावा. डोंगराकडेच्या वाडीवरील शाळेला ओढ्यावरचा साकव हवा असेल, तर वास्कोतील शाळेला धूळ आत येऊ न देणाऱ्या खिडक्या. बंदरातील कोळशाच्या धुळीविषयी येथील नागरिक वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. वर्गात बसणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने तसे कुणी लेखी दिले आहे काय?

तिसरी सूचना ग्रामसभेविषयी. गोव्यात नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी भरतात. चिखली, सांकवाळ, कुठ्ठाळी या पंचायतींत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी वर्षातून हे चार रविवार शाळेसाठी राखून ठेवावेत. शहरात राहणाऱ्यांनी आपापल्या नगरसेवकाला गाठावे. रस्त्याचा आणि गटाराचा विषय काढणारे पुष्कळ असतात, आणि ते विषयही खरेच आहेत. शाळेचा विषय काढणारा एक तरी असावा.

कुणी म्हणेल की हे काम रुक्ष आहे. याला पाटी नाही, फीत कापणे नाही, छायाचित्र नाही. खरे आहे. पण आपण वास्कोचे लोक एका गोष्टीने हे समजू शकतो. श्रावणात दामोदराच्या सप्ताहात अखंड भजन चालते. ते अखंड राहते ते कुणी एक मोठा गवई रात्रभर गातो म्हणून नव्हे. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते, आणि आपली पाळी आली की झोपेतून उठून, भर पावसात, माणूस तिथे हजर होतो. पहाटे तीनची पाळी ज्याच्या वाट्याला येते त्याला ऐकणारे थोडे असतात, तरी त्याने दांडी मारली तर सप्ताह खंडित होतो. शाळेचेही तसेच आहे. सरकारची पाळी आहे, पंचायतीची आहे, शिक्षकांची आहे, आई-बापांची आहे. आपली पाळी कोणती, एवढे आपण ठरवून घेऊ.

गेल्या पन्नास वर्षांत आपण हात सैल सोडून दिले; त्या दात्यांना, त्यांतले जे आज हयात नाहीत त्यांनाही, आम्ही मनःपूर्वक वंदन करतो. पुढच्या पन्नास वर्षांत देऊच. पण देण्याआधी त्या आईचा प्रश्न स्वतःला विचारू, आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहू. येत्या डिसेंबरात कोणकोण कोणत्या शाळेत जाणार, त्याची यादी आज भोजनानंतर बाहेरच्या मेजावर ठेवली आहे. सभासदांनी घरी जाण्यापूर्वी तीवर आपले नाव घालावे, ही नम्र विनंती.